एकाच हॉलमध्ये पाच वर्षांचं लेकरू आणि साठीच्या काकू

प्रश्न

नमस्कार मॅडम, मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला कराटेचा क्लास घेते. लग्नाच्या तारखा सोडल्या तर संध्याकाळी एका मंगल कार्यालयाचा हॉल मिळतो. सुरुवातीला शाळेची पोरं होती. आता पाच वर्षांच्या लेकरापासून बासष्ट वर्षांच्या काकूंपर्यंत पस्तीस-चाळीस जण येतात. त्यात डाउन सिंड्रोम असलेला बारा वर्षांचा एक मुलगा आहे, आणि चौदा वर्षांची एक मुलगी, जिला अजिबात दिसत नाही. दिवाळीनंतर सात-आठ पोरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात, ती थेट गुढीपाडव्याला उगवतात. मागच्या बेल्ट परीक्षेत त्या मुलाला यलो बेल्ट दिला. खरं सांगायचं तर त्याचा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, निम्म्यावरच थांबला होता, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला राहवलं नाही. त्यावर एक वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "मग आमच्या पोरानं घाम कशाला गाळायचा?" आता तीन-चार पालक म्हणतात, 'अशा' मुलांची बॅच वेगळी करा. काकूंचा मुलगा म्हणतो, आईला काही झालं तर जबाबदारी कुणाची? मी ब्लॅक बेल्ट आहे, पण हे सगळं मला कुणी शिकवलेलं नाही. काय करू?

उत्तर

ताई, बाकीचं नंतर बोलू. आधी एक तातडीचं.

त्या मुलाच्या कोलांट्या, डोक्यावर किंवा मानेवर भार येणारे व्यायाम आणि कुणी त्याला फेकणं, हे सगळं उद्यापासून बंद ठेवा. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतले पहिले दोन मणके एकमेकांवर सैल असतात. मानेला जोराचा झटका बसला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. शिवाय अशा जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. त्याच्या आईवडिलांना सोबत घ्या आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवा, हृदयही तपासून घ्या. मुलगा कराटे शिकतो, त्यात काय काय करतो, हे त्यांना स्पष्ट सांगा आणि काय चालेल, काय नाही ते लिहून घ्या. मानेचा एक्स-रे ठीक आला म्हणजे कायमचं निर्धास्त झालात असंही नाही. चालीत फरक पडला, मान एका बाजूला कलू लागली, हातातून वस्तू निसटायला लागल्या, लघवीवरचा ताबा गेला, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी क्लास थांबवून दवाखाना गाठायचा. पंच, ब्लॉक (वार अडवणं), काता, पॅडवर किक हे मात्र हृदयाबद्दल डॉक्टरांचा होकार आला की खुशाल चालू ठेवा.

आता बॅचचं. वेगळी बॅच जरूर करा, पण ती सात वर्षांखालच्या लेकरांची. त्या वयाचं लेकरू अर्ध्या तासाच्या वर टिकत नाही आणि टिकवायला गेलात तर तुमचा सगळा जीव त्यातच जातो. पाच ते साडेपाच त्यांना पळवा, लोळवा, 'थांब' म्हटलं की पुतळा व्हायला शिकवा आणि घरी पाठवा. बाकी सगळे एकाच हॉलमध्ये राहू द्या. तो मुलगाही, ती मुलगीही, काकूही.

आपल्या भागात ही रीत नवी नाही. तालमीत दहा वर्षांचं पोरगं आणि चाळिशीचा पैलवान एकाच लाल मातीत उतरतात. कुणाला किती जोर, किती बैठका, हे वस्ताद ठरवतो. जोडही तोच बघून लावतो. जत्रेतला फड बारक्या पोरांच्या नारळावरच्या कुस्तीनं सुरू होतो आणि मोठी कुस्ती दिवस कलल्यावर लागते, पण फड एकच असतो. तुमच्या कराटेतही हेच घडलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटेचे गुरू अंको इतोसू यांनी जपानच्या ओकिनावा बेटावर कराटे शाळेत नेलं, तेव्हा मुलांना शिकवायला सोपे जावेत म्हणून त्यांनी पिनानचे पाच काता बांधले. शोतोकान या कराटेच्या शैलीत त्यांनाच हेइआन म्हणतात. म्हणजे तुमची पोरं आज जो पहिला काता शिकतात, तोच मुळी शिकणाऱ्याकडे बघून बेतलेला आहे. तुम्ही तेच काम पुढं नेताय, परवानगी कुणाची मागायची?

एकत्र वर्ग म्हणजे सगळ्यांनी सगळं एकसारखं करणं नव्हे. सुरुवातीची पंधरा मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं सगळे सोबत. मधल्या वेळात चार गट, आणि गट वयावर पाडू नका, जे शिकायचं राहिलंय त्यावर पाडा. चौदा-पंधराची दोन-तीन जाणती पोरं हाताशी घ्या, पण त्यांच्या गटाकडे पाठ करून उभ्या राहू नका. कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, मात्र वय, उंची आणि वजन बघूनच. डोक्याला मार लागला, पोर गरगरल्यासारखं झालं, तर ते कितीही 'ठीक आहे मॅडम' म्हणालं तरी त्या दिवशी परत मॅटवर नाही आणि डॉक्टरांनी बघितल्याशिवाय पुढंही नाही.

काकूंकडे येते. मी जूदो शिकवते, आणि कराटेच्या क्लासात पडायला फार कमी शिकवतात, ही माझी जुनी तक्रार आहे. काकूंना चोरापेक्षा न्हाणीतल्या ओल्या फरशीचा धोका जास्त आहे. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झिजत जातात, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतं. म्हणून त्यांचं कराटे पडण्यापासून सुरू करा.

त्यांना मॅटवर पाठीवर झोपू द्या. हनुवटी छातीकडे, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर. नजर गाठीवर राहिली की डोकं आपोआप उचललेलं राहतं. नुसतं 'डोकं वर' म्हणून ते राहत नाही. हात अंगापासून तिरके, बगलेपासून साधारण पंचेचाळीस अंशांवर. तळव्यापासून कोपरापर्यंतचा भाग एकदम मॅटवर आपटायचा आणि त्याच क्षणी श्वास सोडायचा. पडताना हात मागे टेकवून सावरायची खोड सगळ्यांनाच असते आणि मनगट तिथंच मोडतं. ती खोड झोपलेल्या अवस्थेतच घालवायची. हे अंगवळणी पडलं की बसून, मग बुटक्या स्टुलावरून. साठीच्या पुढं उभ्यानं मागे पडायचा सराव देऊ नका, स्टुलापर्यंत आलं तरी खूप झालं.

तितकाच वेळ उठण्याला द्या. कुशीवर वळायचं, हातावर जोर देऊन रांगण्याच्या अवस्थेत यायचं, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात ठेवायचे, मजबूत पाय पुढं घ्यायचा आणि मग उभं राहायचं. काकू घरात एकट्या असताना पडल्या तर हेच कामी येईल. स्टान्स (उभं राहायची ठेवण) उंच ठेवा, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहू द्या. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो, म्हणून कियाई, म्हणजे वारासोबतची आरोळी, मोकळ्या गळ्यानं देऊ द्या. लाजतील, पण तुम्ही सोबत ओरडलात की लाज जाते. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारे व्यायाम वगळा.

त्यांच्या मुलाचा प्रश्न रास्त आहे, त्याचा राग मानू नका. रक्तदाब, साखर, हाडं, डोळे, चालू गोळ्या, हे विचारणारा एक साधा मराठी फॉर्म करा, तो सगळ्यांकडूनच भरून घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. तिथंच घरच्यांचा नंबर लिहा. हॉलमध्ये प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर हवा. एवढं करून तुम्ही आणि ते दोघंही आपापली जबाबदारी घेता. चोराला लोळवाल असं वचन मात्र काकूंना देऊ नका. मोठ्यानं ओरडणं, धरलेला हात सोडवणं आणि निघून जाणं, इतकंच सांगा.

आता बेल्ट. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त हेच टोचलं. त्या वडिलांनी ते ज्या पद्धतीनं आणि सगळ्यांसमोर म्हटलं ते चूकच. मुलगा तिथंच उभा होता आणि त्याला ते कळलं असणार. पण ताई, काता निम्म्यावर थांबला होता हे तुम्हीच लिहिलंय. टाळ्यांसाठी दिलेला बेल्ट त्या मुलाकडून काहीच मागत नाही. 'याच्याकडून काय व्हायचंय' हेच त्यातून त्याला ऐकू जातं, आणि हे वाक्य त्यानं बारा वर्षांत बऱ्याच जणांकडून ऐकलेलं असेल.

दिलेला बेल्ट परत घेऊ नका, तो विषय संपला. पुढच्या ऑरेंज बेल्टसाठी त्याची यादी आजच लिहा, परीक्षेच्या दिवशी नको. माझ्या मते त्यात चार गोष्टी हव्यात. 'थांब' म्हटलं की ज्या क्षणी म्हटलं त्या क्षणी थांबणं. पंच पॅडच्या वीतभर अलीकडे रोखणं. जोडीदाराला वाकून नमस्कार करून त्याच्यासोबत पाच ब्लॉक. आणि काता पूर्ण, कुणी पुढं उभं न राहता. काता छोटा करू नका, मुदत वाढवा. इतरांना चार महिने लागतात तिथं त्याला वर्ष लागू द्या, त्यात कमीपणा काही नाही.

शिकवायची दिशा मात्र उलटी करा. आपण सवयीनं पहिल्या हालचालीपासून शिकवतो. पोरगं सातव्या-आठव्याला अडकतं आणि रोज अडकल्याच जागी त्याचा काता संपतो. त्याला शेवटच्या दोन हालचाली आधी शिकवा. बाकीचा काता तुम्ही त्याच्यासोबत करा आणि शेवटचं वळण, शेवटचा पंच, कियाई आणि नमस्कार त्याचा एकट्याचा. ते पक्कं झालं की त्याच्या आधीच्या दोन. असं मागून पुढं या. म्हणजे रोज काता तोच पूर्ण करतो. बेल्ट बांधायलाही असंच शिकवा: सगळे वेढे तुम्ही घ्या, गाठही घाला, फक्त शेवटचं ओढणं त्याला द्या. काही दिवसांनी गाठीचं दुसरं टोक. त्याची बोटं आखूड आणि सांधे सैल असतील, कडक नवा बेल्ट त्याला जड जाईल, म्हणून एखादा धुऊन मऊ पडलेला जुना द्या. स्वतःचा बेल्ट स्वतः बांधून रांगेत उभं राहिलेलं पोरगं वेगळंच दिसतं, मी अनेकदा पाहिलंय.

रंगीत बेल्ट हे काही वेदवाक्य नाही. जूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही जूदोची शाळा सुरू केली. पिवळ्या, नारिंगी, हिरव्या रंगांची रांग बरीच नंतर युरोपातल्या जूदो क्लबांत रुळली. शिकणाऱ्याला पुढची पायरी दिसावी यासाठी शिक्षकांनीच ती सोय केली. तुमच्या संघटनेचं प्रमाणपत्र लागणार असेल तर त्यांचा अभ्यासक्रम विचारून घ्या, पण पायरी खोटी नको.

न दिसणाऱ्या मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, त्यावरून वाटतं ती कोपऱ्यात उभी राहून हात हलवत असेल. तिला पहिल्या रांगेत घ्या, जागा ठरवून द्या. मॅटच्या कडेला चिकटपट्टीखाली सुतळी घाला, अनवाणी पायाला हद्द लगेच कळते. मंगल कार्यालयात खुर्च्यांच्या थप्प्या रोज जागा बदलतात, तेव्हा आल्याबरोबर हॉलला एक फेरी मारून आज काय कुठं आहे ते तिला सांगायचं, हे काम एका मुलीकडे द्या. 'असं', 'इकडं', 'माझ्यासारखं' हे शब्द तिच्यासाठी बिनकामाचे. 'डावा पाय दोन विती पुढं, टाच जमिनीला, गुडघा वाकलेला' असं बोला. तुम्ही स्टान्स घेऊन उभ्या राहा आणि तिला तुमची कंबर, गुडघा, खांदा चाचपू द्या. हाच सराव तुमच्या बाकीच्या पोरांनाही उपयोगी पडेल, कारण नेमकं बोलणं तुम्हाला सगळ्यांसाठीच करावं लागेल.

मोकळं कुमिते तिला देऊ नका. पकड मात्र भरपूर द्या: मनगट धरलं, बाही धरली, मागून खांदा धरला. स्पर्श झाला की समोरच्याचा तोल कुठं आहे हे तिला डोळस पोरांपेक्षा लवकर समजेल. दृष्टिहीनांच्या जूदोत लढत सुरू होतानाच दोघांनी एकमेकांची पकड घेतलेली असते, बाकी खेळ जवळपास तोच. १९८८ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये मध्य प्रदेशच्या कपिल परमारनं ६० किलो गटात कांस्यपदक घेतलं. जूदोतलं ते भारताचं पहिलं पॅरालिम्पिक पदक. तुमच्या कराटेतही वाट आहे. जागतिक कराटे महासंघाच्या पॅरा-कराटेत दृष्टिहीन, बौद्धिक अक्षमता असलेले आणि व्हीलचेअरवरचे खेळाडू कात्यामध्ये उतरतात. तिला हे सांगा, तिच्या घरच्यांनाही सांगा.

चाचपणं, धरणं यावरून आणखी एक गोष्ट. स्टान्स दुरुस्त करायला कुणालाही हात लावण्याआधी 'हात लावून दाखवू का?' असं विचारायचं, पाच वर्षांच्या लेकरालाही. 'नको' म्हणालं तर तोंडी सांगायचं. हॉलमध्ये तुमच्याशिवाय आणखी एक मोठं माणूस कायम हवं.

ऊसतोडीच्या पोरांचं काय? त्यांची अडचण अशी की तुमचं वेळापत्रक त्यांच्या वर्षाला धरून नाही. बेल्ट परीक्षा डिसेंबरात ठेवली की ती दरवर्षी हुकणार आणि पाडव्याला परतल्यावर ती बारक्यांच्या मागं उभी राहणार. बारा-तेरा वर्षांचं पोरगं हे दोन वेळा सोसतं, तिसऱ्यांदा येत नाही. एक परीक्षा दसऱ्याच्या आधी घ्या आणि दुसरी पाडव्यानंतर महिना-दीड महिन्यानं. जोडीदार, मॅट, पॅड लागणारं सगळं जून ते ऑक्टोबरमध्ये उरका. जाताना प्रत्येकाला एक काता द्या, जो कोपीपुढच्या (तिथल्या झोपडीपुढच्या) अंगणभर जागेत बसेल, आणि तो बापाच्या फोनमध्ये व्हिडिओ करून पाठवून द्या. आईबाप पहाटेच उसाच्या फडात जातात, धाकट्या भावंडाला सांभाळणं, पाणी आणणं या पोरांच्या गळ्यात पडतं, हे लक्षात ठेवा. रोज व्हिडिओ पाठवा असा तगादा नको. त्या महिन्यांची फी घेऊ नका. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना त्यांच्याच बेल्टच्या जोडीदारासमोर उभं करा.

काही मुली मागं राहतात, आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. चांगली येणारी मुलगी आठवडाभर आली नाही तर घरी जाऊन या. आपल्या जिल्ह्यात शाळकरी वयात लग्नं लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तसं काही कानावर आलं किंवा कुणी तिला त्रास देतंय असं कळलं, तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो, नाव न सांगताही फोन करता येतो. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं आपल्यावर बंधनकारकच आहे.

उन्हाळ्याचं थोडक्यात: होळीनंतर क्लास सकाळी सहाला घ्या. पत्र्याच्या हॉलमध्ये एप्रिलच्या संध्याकाळी बासष्टच्या काकू आणि हृदयाचा प्रश्न असू शकणारा मुलगा यांना पळवणं धोक्याचं आहे.

राहिले पालक. परीक्षेच्या आधी एक बैठक लावा आणि सगळ्यांच्या याद्या भिंतीवर चिकटवा. त्या वडिलांच्या मुलाचीही यादी असू द्या, आणि त्याच्या यादीत 'आपल्यापेक्षा हळू शिकणाऱ्या जोडीदारासोबत पाच ब्लॉक, ताबा न सोडता' हे कलम घाला. ते सोपं नाही. वेगवान पोरांना हात आवरणं सगळ्यात अवघड जातं आणि पुढच्या बेल्टला तेच लागतं. मग वडिलांना शांतपणे सांगा, तुमच्या पोराचा घाम त्याच्या यादीसाठी आहे, त्याच्या बेल्टमधून कुणी काही काढून घेतलेलं नाही. तरीही त्यांना वेगळीच बॅच हवी असेल तर त्यांनी दुसरा क्लास बघावा. एक-दोन फी जातील, ते सोसा.

बैठकीत कुणीतरी हमखास विचारेल की या बेल्टचा दहावीच्या गुणांना किंवा नोकरीला उपयोग काय. खरं ते सांगा: वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतं, क्लासच्या बेल्टवर नाही, आणि त्या प्रमाणपत्रांची पडताळणी होते. कोणत्या स्पर्धा धरतात ते बदलत असतं, म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चालू शासन निर्णय बघून मगच पालकांना शब्द द्या.